इटलीच्या भाताला फोडणी

तो भात मी खाल्ला.

हे वाक्य मी आजवर कुणापुढंही उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, मुलापुढं नाही, देवापुढं तर अजिबातच नाही. कारण आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे आणि तिथं पुटपुटलेलंसुद्धा बायकोला ऐकू जातं.

आधी माझी अडचण सांगतो. अंबाजोगाईच्या बाजारात माझं तांदूळ आणि किराण्याचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. धंदा वडिलांपासूनचा. चार दाणे तळहातावर घेतले की नवा तांदूळ कोणता, जुना कोणता, मोकळा कोणता होईल आणि गचका कोणाचा होईल हे मी सांगतो. सिरसाळ्याकडची माणसंसुद्धा लग्नाचा तांदूळ मला दाखवल्याशिवाय उचलत नाहीत. अशा माणसाला डॉक्टरांनी भात बंद केला. साखर वाढली होती. दिवसभर पोत्यांच्या मधोमध बसायचं, लोकांना बासमती हुंगायला द्यायचा आणि मागं जाऊन ज्वारीची भाकरी खायची. पोहायला येणाऱ्या माणसाला विहिरीच्या काठावर कोरडं बसवावं, तसं माझं झालं होतं.

सुमित्रा, म्हणजे आमची पत्नी, ही डॉक्टरांपेक्षा कडक. डॉक्टरांनी "भात कमी करा" असं म्हटलं होतं. घरी येईपर्यंत त्याचं "भात बंद" झालं.

आता सूनबाई. ऋतुजा लातूरची. लग्नाआधी तिनं पुण्यात राहून स्वयंपाकाचा रीतसर कोर्स केला होता. (आमच्या घरात तोवर सगळे स्वयंपाक बेरीतसरच होत होते, आणि चांगले होत होते.) मुलगा औषधांच्या कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. पोरगी घरात बसून कंटाळली. एक दिवस जेवताना तिनं विषय काढला.

"आत्या, दुकानाची उजवीकडची काच आहे ना, तिथं मी संध्याकाळचे खायचे पदार्थ ठेवले तर?"

आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा.

"काय ठेवणार?" सुमित्रानं विचारलं.

"आरांचिनी."

"ते काय असतं?"

"इटलीचा पदार्थ. भाताचे गोळे करायचे, आत चीज भरायचं, वरून टोस्टचा चुरा लावायचा आणि तळायचे."

सुमित्रानं थोडा विचार केला. "म्हणजे भाताचे बटाटेवडे."

"तसंच समजा."

"अंडंबिंडं न्हाई ना त्यात?"

"नाही आत्या. मैद्याच्या पाण्यात बुडवते मी."

दुकान माझं, काचही माझी, तिच्यामागं मांडलेला साबणाचा चुराही माझा. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं मलाही वाटलं नाही. सुमित्रानं निकाल दिला, "पुढच्या मंगळवारी भजनाच्या बाया आपल्याकडं हायेत. त्यांच्या फराळाला कर. त्यांना आवडलं तर काच तुझी. न्हाई आवडलं तर पुन्हा काचेचं नाव काढायचं न्हाई."

ऋतुजानं मान हलवली. तिला ती काच किती हवी होती हे मला तेव्हाच कळलं; कारण पुढचा आठवडाभर ती दुकानात येऊन काचेच्या मापाचा अंदाज घेत होती, वितीनं, मी बघत नाही असं समजून.

पुण्याहून एका मैत्रिणीनं तिला खास तांदूळ पाठवला. तिनं तो मला दाखवायला आणला. दाणा बुटका, जाड, पोटात पांढरा. असा माल आमच्याकडं आला असता तर मी गाडी परत पाठवली असती. पण मी "वा" म्हटलं. घरात शांतता ठेवायची तर "वा" हा शब्द फार उपयोगी पडतो.

श्रावण चालू होता. सोमवारी सुमित्राचा उपवास, आणि उपवासाला भगर. सुमित्रा एकटीच्या उपवासाला भगर शिजवते ती पंगत बसणार असल्यासारखी. उरलेली भगर पातेल्यासकट फ्रिजमध्ये. मंगळवारी सकाळी दोघीजणी देवीला गेल्या. दुकान उघडायला वेळ होता, घरात मी एकटा. मी फ्रिज उघडला. का उघडला, असं विचारू नका. भात बंद असलेला माणूस फ्रिज का उघडतो ते त्याचं त्याला माहीत असतं.

समोर मोठा स्टीलचा डबा. झाकण काढलं. आत भात. गच्च भरलेला, थंडगार, पिवळसर.

इथं माझी चूक नीट समजून घ्या. आमच्या घरात एक नियम आहे, माझ्या आजीच्या वेळेपासूनचा. पाहुण्याला ताजा भात आणि घरच्याला शिळा. पाहुण्याच्या ताटात रात्रीचं शीत पडलं तर आमच्याकडं महिनाभर त्याची चर्चा चालते. त्यामुळं भजनाच्या बायांसाठीचा भात दुपारी ताजा शिजणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. हा डब्यातला भात म्हणजे सूनबाईचा अंदाज चुकून उरलेला रात्रीचा भात. आणि उरलेल्या भाताचं काय करायचं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

मी कढई ठेवली. तेल, मोहरी, लसूण ठेचून, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे, हिंग. भात मोकळा करायला गेलो तर तो मोकळा होईना. गोळ्यानं उचलला जात होता. वासही जरा वेगळा होता, पावसात वाळत घातलेल्या मोज्यांची आठवण करून देणारा. मी म्हटलं, आंबला असणार. पण अन्न टाकायचं पाप कोण करणार? मी आणखी लसूण घातला.

डबा पूर्ण रिकामा केला. थोडा ठेवावा हे सुचलं नाही, कारण उरलेल्यातलं पुन्हा उरवलं तर ते खाणार कोण?

पहिला घास खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं थोडं, बाकीचं आनंदाचं. कितीतरी महिन्यांनी मी माझ्या धंद्याला भेटत होतो. दुसरं ताट संपत आलं होतं तेवढ्यात फोन वाजला. ऋतुजा.

"मामा, फ्रिजमधला मोठा स्टीलचा डबा दिसतोय का?"

माझ्या तोंडात घास होता. मी "हं" म्हटलं.

"त्याला हात लावू नका बरं. त्यात गोळ्यांचा भात आहे. रात्रभर गार व्हावा लागतो, तरच वळता येतो. पुण्याचा निम्मा तांदूळ त्यात गेलाय. काल दोन तास हलवत होते मी. झाकण नीट आहे का तेवढं बघा ना."

मी उठून बघितलं. झाकण ओट्यावर होतं. डबा मोरीत होता. भात माझ्यात होता.

"झाकण नीट हाय," मी म्हणालो. आणि हे खरंच होतं. झाकणाला काहीच झालं नव्हतं.

"मामा, तुम्ही काही खाताय का?"

"भाकरी."

"बरं. आम्ही निघालोच."

खरं बोलण्याची तीच वेळ होती. फार तर काय झालं असतं? सुमित्रा बोलली असती, ऋतुजा थोडी रडली असती, उरलेल्या तांदळाचा पुन्हा भात झाला असता, फराळ पुढच्या मंगळवारवर गेला असता. पण मी तोंड उघडलं ते घास गिळायला. आणि मग माझं डोकं चालू लागलं. माझं डोकं फार क्वचित चालतं, आणि चाललं की नुकसान होतं.

भगर. पातेलंभर भगर फ्रिजमध्ये होती. थंड, घट्ट, बोटानं दाबली तर ठसा उमटेल अशी. मी डबा धुतला, भगर त्यात भरली. रंग पांढराफटक. चिमटीभर हळद कालवली. पिवळी जरा जास्तच झाली, म्हणून मधली खाली आणि खालची वर केली. वास कसा आणायचा? दारातल्या कप्प्यात चीजचा तुकडा होता, तो किसून मिसळला. पुन्हा तो मोज्यांचा वास दरवळला आणि मला एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही. झाकण लावून डबा जागेवर ठेवला.

राहिला कढईतला फोडणीचा भात. दारात रोज सकाळी येते ती गाय उभी होती. तिच्यापुढं ठेवला. तिनं हुंगला, माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या घरी गेली. शेवटी सगळा दुसऱ्या एका डब्यात भरून दुकानात नेला आणि दुपारपर्यंत कोलमच्या पोत्यामागं बसून संपवला. पोटात गेलेला पुरावा बाहेर येऊन बोलत नाही, एवढाच आधार.

दुपारी घरातून सुमित्राची हाक आली.

"ओ, भगरीचं पातेलं रिकामं कसं?"

"मी खाल्ली."

"एवढी सगळी?"

"भूक लागलती."

"आवं, साखर हाय ना तुम्हाला? माणसानं किती खावं?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मोठा गुन्हा झाकायला लहान गुन्हा कबूल करावा, हे मला त्या दिवशी कळलं.

ऋतुजा गोळे वळायला बसली. मी काही ना काही कारण काढून आत-बाहेर करत होतो.

"आत्या, भात काय मस्त सेट झालाय बघा," ती म्हणाली. मग एक शीत बोटावर घेऊन थांबली. "दाणा जरा बारीक वाटतोय पण."

"गार झाल्यावर आकसतो," मी दारातून म्हणालो.

तिनं माझ्याकडं विश्वासानं पाहिलं. तांदळातलं मला कळतं, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

गोळे तेलात पडले. मी डोळे मिटले. फुटतील, तेल उडेल, सगळं बाहेर येईल, आणि त्यात मीही आलो. पण फुटला नाही एकही. सोनेरी, गोल, खुसखुशीत. भगरीचे वडे आमच्या आजीच्या काळापासून तळले जातात. ती कशाला फुटेल? तिला फक्त आपण इटलीची झालो आहोत हे माहीत नव्हतं.

भजन झालं, ताटल्या फिरल्या. बाया पहिल्या घासाला गप्प झाल्या, दुसऱ्याला बोलू लागल्या.

"अगं बाई, भात वाटतच न्हाई गं!"

"कसा दाणा दाणा लागतोय."

सगळ्यांच्या मधोमध गंगाकाकू बसली होती. शेजारची, वयानं सगळ्यांत मोठी, आणि तिनं जन्मभरात एकही सोमवार सोडला नाही. ती हळूहळू चावत होती. मग चावायची थांबली.

"अप्पा," तिनं मला हाक मारली, "ह्याला भगरीची चव कावून येतीय?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. ऋतुजाही. तिच्या हातात रिकामं ताट होतं आणि ते तिनं छातीशी धरलं होतं.

"काकू," मी म्हणालो, "इटलीच्या तांदळाची जातच तशी असती. भगरीच्या अंगानं जाणारी."

"असं?"

"चाळीस वर्षं तांदूळ विकायलोय मी."

"मग खरं असंल," काकू म्हणाली आणि आणखी दोन घेतले.

काच ऋतुजाला मिळाली. साबणाचा चुरा मी स्वतः उचलला. तिनं काच आतून-बाहेरून पुसली आणि पाटी रंगवून आणली. आणि गंगाकाकूनं पहिली मोठी ऑर्डर दिली: नातसुनेच्या डोहाळजेवणाला, सगळ्या गल्लीला पुरतील एवढे गोळे.

ह्या वेळी पुण्याचा उरलेला तांदूळ आणि आणखी मागवलेला, दोन्ही लागले. ह्या वेळी भाताला कुणी हात लावला नाही. म्हणजे मी लावला नाही. पण बायांच्या जिभेवर आता भगरीची चव बसली होती. आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "ऋतुजा, त्यात थोडी भगर मिसळली तर?"

ती हसली. "मामा, आरांचिनीत भगर? माझ्या सरांनी ऐकलं तर मला वर्गातून हाकलतील."

"न्हाई, आपलं सुचलं म्हणून."

ती कोर्समध्ये शिकली तसेच गोळे तिनं केले. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे मऊ, चीजची तार. चूक काही नव्हती. इटलीच्या माणसानं खाल्ले असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. पण डोहाळजेवणाला इटलीचं कुणी आलं नव्हतं.

"आतून कच्चे राहिले का गं?" एकीनं विचारलं.

"गिच्च लागतंय," दुसरी म्हणाली.

गंगाकाकूनं अर्धा खाऊन ताटात ठेवला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिनं मायेनंच विचारलं, "पोरी, मागच्या बारीला कसे दाणेदार झालते. ह्या बारीला काय झालं तुझ्या हाताला?"

घरी येताना सुमित्रानं तिची समजूत घातली. "होतं असं. पहिल्या वेळी हात बसलता, ह्या वेळी न्हाई बसला."

 त्यानंतर कितीतरी दिवस ऋतुजा दुपारच्या वेळी पहिल्यासारखे गोळे जमवायचा प्रयत्न करत राहिली. पाणी कमी करून बघितलं. आच बदलून बघितली. एकदा दोन्ही हातांत दाणे घेऊन दुकानात आली.

"मामा, ह्या हातात मागच्या वेळच्या पिशवीत राहिलेले दाणे आहेत आणि ह्यात नवीन पिशवीतले. काही फरक आहे का हो? माझं कुठं चुकतंय तेच कळत नाही."

मी चष्मा लावला. तिच्या दोन्ही हातांवर एकच तांदूळ होता. त्याच जातीचा, त्याच गिरणीचा, अगदी एकसारखा. सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. समोर गिऱ्हाईक नव्हतं, सुमित्रा झोपली होती.

"ह्या वर्षी तिकडं पाऊस जास्त झाला असंल," मी म्हणालो.

"इटलीत?"

"हां."

ती परत गेली. आठवड्याभरानं तिनं स्वतःच काचेमागं साबणाचा चुरा मांडला.

"मामा, राहू द्या आता. माझ्या हाताला भरवसा नाही."

पाटी तिनं उलटी करून कोठीत ठेवली. मागच्या बाजूला मी आता तुरीच्या डाळीचा भाव लिहितो. दुसरी पाटी सापडत नाही म्हणून नव्हे, ती रोज समोर असावी म्हणून. शिक्षा स्वस्तातली आहे, मला कबूल आहे.

त्या भजनाच्या दुसऱ्या दिवशी माझी साखर तपासली होती, तर ती चांगलीच चढलेली. सुमित्रा चक्रावली. "भाताचं एक शीत देत न्हाई मी, मग वाढली कशी?" बराच विचार करून तिनं दोष भगरीवर ठेवला आणि माझी भगरही बंद केली.  त्या सगळ्या प्रकरणात भगरीएवढं निरपराध कुणीच नव्हतं, आणि तिलाही शिक्षा झाली.

ह्याला तीन श्रावण झाले. ऋतुजा आता चांगल्या भाकरी करते. इटलीचं नाव काढत नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणते, "नको, मला ते एकदाच जमलं होतं." ते तिला एकदाही बिघडलं नव्हतं, हे तिला माहीत नाही. आणि जे जमलं म्हणून ती सांगते, ते तिनं केलंच नव्हतं.

मागच्या सोमवारी मी ठरवलं, आज सांगायचं. सुमित्रा देवळात गेली होती. ऋतुजा ओट्याशी भगर ढवळत होती. मी दारात उभा राहिलो. घसा साफ केला.

"ऋतुजा, तो भात..."

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मामा, भात मिळणार नाही. आत्या सांगून गेल्यात."

"तसं न्हाई गं. मला भाताबद्दल..."

"अर्धी वाटीसुद्धा नाही. तुमच्या भल्यासाठीच आहे."

मी दुकानात येऊन बसलो. माझ्या तोंडून भात हा शब्द निघाला की ह्या घरात पुढचं कुणी ऐकत नाही. म्हणून हे लिहून काढलं. कागदाला साखरेची काळजी नसते.

तेव्हा आता स्पष्ट सांगतो. फोडणीचा तो भात उत्तम झाला होता, पण तो माझा नव्हता. मी ऋतुजाला देणं लागतो ते असं: एक मोठा डबा भात, दुकानाची उजवीकडची काच, आणि भजनाच्या सगळ्या बायांसमोर, गंगाकाकूला पहिल्या रांगेत बसवून, मोठ्यानं म्हणायचं एक वाक्य. पोरी, तुझ्या हाताला काही झालं नव्हतं. तो भात मी खाल्ला.